बेसिलचा रकाना

मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं. त्या काळात जी मुलगी "बाई, मीठ अंदाजे घातलं" असं म्हणाली, तिला मी भांडं घासून पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने मला एक वजनकाटा भेट दिला, अगदी ग्रॅमपर्यंत अचूक. तो टोमणा होता की कौतुक, ते मी अजून ठरवलेलं नाही. काटा मात्र उत्तम आहे.

लग्न मी एका अंदाजपंचे माणसाशी केलं. आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पट्टी नाही, दोरी नाही. एक डोळा मिटायचा, जिभेचं टोक बाहेर काढायचं आणि बारा फुटांच्या पाटीवर अक्षरं अशी बसवायची की दोन्ही कडांना बोटभरही कमीजास्त नाही. बेचाळीस वर्षं मला या गोष्टीचा राग आहे.

सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या पायात रक्ताची गुठळी झाली आणि ती वर सरकून फुप्फुसात जाऊन बसली. अकरा दिवस दवाखान्यात होते. पहिले तीन दिवस मी एका काचेच्या दाराबाहेर बसून काढले आणि खोटं कशाला सांगू, माझ्या पाचावर धारण बसली होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून दिली. ठरल्या दिवशी रक्त तपासायचं, त्यात एक आकडा येतो, तो दोन आणि तीनच्या मध्ये राहिला पाहिजे. फार वर गेला तर रक्तस्रावाची भीती, दोनच्या खाली आला तर पुन्हा गुठळीची. मला एवढं पुरे होतं. आकड्यांचं आणि माझं पहिल्यापासून जमतं.

"जेवणाचं काय?" मी वही उघडून विचारलं.

"मीठ-तेल कमी करा. आणि पालेभाज्या रोज सारख्याच प्रमाणात द्या. त्यांतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. आज ढीगभर आणि उद्या काहीच नाही, असं नको."

"कमी म्हणजे किती?"

बाहेर चौदा पेशंट ताटकळले होते. "कमी म्हणजे कमी हो, काकू," त्या म्हणाल्या.

आता "कमी" हे काही माप नव्हे. वहीत लिहिता येईल असा त्याचा एकच अर्थ निघत होता, तो मी लिहिला. मीठ: शून्य. तेल: शून्य. मसाल्याबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या, पण उगाच धोका कशाला, म्हणून तेही शून्य. पालेभाजी रोज तीस ग्रॅम, देठ काढून, कच्ची मोजून. रकाने आखले, काट्यात नवे सेल घातले आणि घरात शिस्तीचं राज्य सुरू झालं. हे निमूटपणे जेवत होते. मला वाटलं, आजारपणाने माणूस शहाणा झाला.

याच सुमारास बेसिल घरात आलं. तुळशीच्याच कुळातलं, पण पान मोठं, फुगीर, लुसलुशीत. चुरडलं की लवंग आणि बडीशेप एकत्र कुटल्यासारखा वास. रोपवाटिकेतला माणूस त्याचे गुण सांगायला लागला तो थांबेना. पोटातला वारा सरतो, खोकला सुटतो, सूज उतरते, मन शांत होतं, डास पळतात.

"आणि केस?" मी विचारलं.

"केसांचं काही ऐकलं नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला, म्हणून मी बाकीच्यावर विश्वास ठेवला.

रोप मागच्या गॅलरीत ठेवलं. बेसिलची फांदी पाण्यात ठेवली की आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, अशा एकाच्या मी पाच कुंड्या केल्या. रोज दुपारी ह्यांच्या टोमॅटोच्या सुपात चार पानं टाकायला लागले. चार पानं म्हणजे काय, नुसता वास. वासाला कुठे वजन असतं? वहीत त्याला रकाना नव्हता.

पहिला आकडा आला दोन पॉइंट दोन. मी त्याच्याभोवती लाल चौकट काढली. पुढचा आला एक पॉइंट सहा. त्याच्या पुढचा एक पॉइंट चार. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली, तरी एक पॉइंट पाच.

"घरात काहीतरी चुकतंय, काकू," बाई म्हणाल्या. "असं फार दिवस चालणं बरं नाही. पुढच्या वेळीही दोनच्या वर गेला नाही तर दाखल करून घेऊ, इंजेक्शनं सुरू करावी लागतील."

माझ्या घरात चुकतंय! तीस ग्रॅमच्या वर एक पान जात नाही अशा घरात! पण रागापेक्षा भीती मोठी होती. रिक्षातून घरी येईपर्यंत मला ते काचेचं दार दिसत राहिलं. हे शेजारी बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते आणि कुणाची वेलांटी कशी लंगडी आहे ते मला सांगत होते.

पहिला संशय अर्थातच ह्यांच्यावर. गोळी गिळतात की खिडकीबाहेर टाकतात? पाकिटातल्या गोळ्या मोजल्या, बरोबर भरल्या. जीभ वर करून दाखवायला लावली. दाखवली. मग वाटलं, हे फिरायला म्हणून जातात आणि बाहेर कुठेतरी कोबी खातात. आता कोबी चोरून कोण खातं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, यावरून माझी अवस्था समजून घ्यावी. मी त्यांच्या मागावर गेले. ते चौकातल्या चपलांच्या दुकानासमोर हात मागे बांधून पाटी बघत उभे राहिले, मी भाजीच्या गाडीआड. दहा मिनिटं गेली. मग मान न वळवता ते म्हणाले, "अगं, उभीच आहेस तर दोन किलो बटाटे घेऊन टाक."

बटाटे घेऊन घरी आले, गॅलरीत गेले आणि माझं लक्ष कुंड्यांकडे गेलं. पाचही रोपं बोडकी झाली होती. शेंड्याला दोन-दोन पानं, बाकी नुसत्या काड्या. रोज चार पानांत एवढं होत नाही. मी ओळखलं, अळी पडली. एक संकट पुरेसं नव्हतं म्हणून हे दुसरं. साबणाचं पाणी फवारलं, भिंग घेऊन एकेक फांदी तपासली. अळी नाही, अंडी नाही, पानावर भोकं नाहीत. पानं देठापासून खुडलेली, अगदी टापटिपीने. अशी नीटनेटकी अळी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

तेव्हा दुसऱ्या दिवशी गॅलरीच्या दोरीवर चादर वाळत घातली, तिच्यामागे स्टूल टाकलं आणि डोळ्यांत तेल घालून बसले.

अकरा वाजता पहिली अळी आली. वन्सं! म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. वरच्या मजल्यावर राहते, वाचनालयात नोकरी करून निवृत्त झाली आणि जे वाचलं ते दुसऱ्याला पाजल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मागच्या जिन्याने उतरली, मूठभर पानं खुडली आणि पदराआड धरून वर गेली. पाचच मिनिटांनी वरून "दादा, जरा ये रे" अशी हाक आली आणि हे चपला पायात सरकवून निघाले.

तीन वाजता सूनबाई बेकरीतून आली. ती तिथे पाव भाजते. पहाटे जाते, दुपारी येते, आणि येताना पीठ केसांत घेऊन येते. आमचा मुलगा बोटीवर असतो, सहा-सहा महिने बाहेर, त्यामुळे घरात मला धाक दाखवणारं असं कोणी असेल तर तीच. तिने वाडगा आणला होता. वाडगा! तो भरून घेऊन ती आत गेली. थोड्याच वेळात लसणाचा वास आला.

मी उठणारच होते, तेवढ्यात हे आले. इकडेतिकडे पाहिलं. खिशातून चीजचा तुकडा काढला, त्याला बेसिलच्या दोन पानांत गुंडाळलं आणि तोंडात टाकलं. डोळे मिटले. दुसरा तुकडा काढला. मी चादर बाजूला केली.

"अगंबाई," हे म्हणाले, "तू आहेस होय? मला वाटलं, चादर आज जाड दिसतेय."

संध्याकाळी पाच वाजता मी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. मध्ये काटा, समोर वही. शाळेत कपाट फोडून चोरी झाली होती तेव्हाही मी मुलींना असंच बसवलं होतं.

"वन्सं, तुम्ही सांगा."

"मी वाचलं होतं वहिनी, बेसिलने मन शांत होतं, पचन सुधारतं," ती म्हणाली. "दादा किती गप्प गप्प असतो हल्ली. म्हणून वाटीभर दह्यात मूठभर पानं वाटून देते. तुला सांगितलं नाही, कारण तू मोजत बसली असतीस."

"मूठभर म्हणजे किती? खुडून आणा."

तिने आणली. काट्यावर अठरा ग्रॅम. मंगळवारी आणि शुक्रवारी तिचा गाण्याचा क्लास असतो, त्या दिवशी काहीच नाही. मी लिहून घेतलं.

सूनबाईने लढाईच केली नाही. "मी चटणी करते, आई. बेसिल, लसूण, अक्रोड, थोडं तेल. गरम पावावर लावून बाबांना देते. बेकरीला सुट्टी असली की नाही देत. कुंडीतलं पुरत नाही, मग बाजारातून जुडी आणते."

"किती?"

"पंचवीस ग्रॅम," ती म्हणाली. बेकरीतली असल्यामुळे तिला माप ठाऊक होतं, एवढं एक समाधान.

बेरीज करून मी पेन खाली ठेवलं. माझे मोजूनमापून तीस ग्रॅम एकीकडे, आणि यांचे कधी त्रेचाळीस तर कधी शून्य दुसरीकडे. गोळी बिचारी काय करणार? "कळतंय का तुम्हाला? आकडा का पडतो ते कळतंय? मी इथे पालकाचं पान पान मोजतेय आणि तुम्ही दोघी!"

सूनबाईने वही आपल्याकडे वळवली. वरून खालपर्यंत बोट फिरवलं. "आई, तुम्ही सुपात पानं टाकता ना? ती कुठल्या रकान्यात आहेत?"

बेसिल हिरवं आहे, त्याला पानं आहेत, ते पानांसकट खातात. एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईने त्याला सुगंध मानलं होतं. वन्सं छताकडे बघायला लागली, ते तिने माझ्यावर केलेले उपकार.

मग मी ह्यांच्याकडे वळले, कारण कुणाकडे तरी वळायला हवं होतं. "आणि तुम्ही! तुम्हाला तर सगळं माहीत होतं! वर दही, खाली पाव, दुपारी सूप. तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"मला वाटलं, तुम्ही तिघी एकमेकींशी बोलता," हे म्हणाले.

"पण एवढं खायचं कशाला? वर आणखी चोरून?"

त्यांनी काटा हलकेच बाजूला सारला. मग म्हणाले, "अगं, चव होती त्याला."



"तू वाढतेस ते मी जेवतो गं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण बटाट्याला बटाट्याचीही चव नसते. दिवसभरात तेवढी चार-दोन पानंच काय ती जिभेला कळायची."

"मग बोलला का नाहीत? बेचाळीस वर्षांत तुम्ही एक घास मुकाट्याने गिळला नाहीत! भात मऊ झाला, भाजी पांचट झाली, चहा फार उकळला! आताच का मूग गिळून बसलात?"

"काट्यावर पानं ठेवताना तुझा हात कापायचा. ते बघून काय बोलणार?"

"माझा हात कधीच कापत नाही."

"कापतो, आई," सूनबाई म्हणाली.

मला लाज वाटली. मग राग आला, मग पुन्हा लाज वाटली. सहा महिने मी समजत होते की मी ह्यांना सांभाळतेय, आणि हा माणूस माझ्यावर दया करत जेवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघंही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी सगळं सांगितलं, माझ्या चार पानांसकट. बाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या.

"घरी गेल्यावर पाचही कुंड्या उपटून टाकते," मी म्हटलं.

"मुळीच नाही!" त्या म्हणाल्या. "गोळी मी वाढवलेली आहे. आता बेसिल एकदम बंद केलंत तर आकडा उलटा वर उडेल. आणि ते काही विष नाही हो, चांगलीच गोष्ट आहे. फक्त रोज सारखं हवं. तुम्ही जेवण ठरवा, गोळी मी त्याला जुळवून घेते. सुरुवातीला दर आठवड्याला तपासू."

"किती ठरवू? आणि मीठ किती? 'कमी' म्हणू नका."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग कागद ओढला आणि लिहिलं: बेसिल रोज वीस ग्रॅम, बाकी पाला आहे तेवढाच. मीठ दिवसाला पाऊण चमचा. तेल तीन चमचे. लसूण, आलं, मिरी, लिंबू, काय हवं ते.

"मग इतके दिवस किती चाललं होतं?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी खोकल्यासारखं केलं. बेसिलने खोकला सुटतो म्हणतात, ह्यांना तर लागला.

वीस ग्रॅम कोणी द्यायचे, यावरून घरात दोन दिवस तंटा चालला. वन्संला दही सोडायचं नव्हतं, सूनबाईला चटणी. शेवटी वार वाटून घेतले: दोन दिवस वरचा मजला, दोन दिवस बेकरी, तीन दिवस मी. वहीत नवा रकाना आखला. त्याचं नाव ह्यांनी स्वतः लिहिलं, पाटीवर लिहितात तसं. पट्टी न लावता लिहिलं आणि रकान्याच्या बरोब्बर मध्ये बसलं.

पहिल्या आठवड्यात आकडा आला एक पॉइंट आठ. मी काट्यातले सेल बदलले. दुसऱ्या आठवड्यात बरोबर दोन. तिसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या मुलीने कागद हातात दिला आणि मी तो तिथेच, दारात उभी राहून वाचला: दोन पॉइंट चार. मी तिला मिठीच मारली. ती बिचारी नवीन होती.

"घरी चला," मी ह्यांना म्हटलं. "आज वार माझा आहे."

त्या दुपारी मी सहा महिन्यांत पहिल्यांदा स्वयंपाक केला. याआधी केलं ते फक्त मोजणं होतं. कढईत दीड चमचा तेल, ठेचलेला लसूण, पिकलेले टोमॅटो, मीठ, मिरी. टोमॅटो गळून त्यांचा रस दाटला तेव्हा गॅस बंद केला आणि मगच बेसिल घातलं. आधी घातलं तर पान काळं पडतं आणि वास वाफेबरोबर निघून जातो. सुरीने चिरलं नाही, हाताने फाडलं. वीस ग्रॅम काट्यावर मोजले, आणि या वेळी मुद्दाम बघितलं. हात स्थिर होता. सगळं गरम शेवयांवर ओतलं आणि ताट बाहेर नेलं.

ह्यांनी वास घेतला. घास घेतला. सावकाश चावला. मी टेबलाची कड धरून उभी होते. मला वाटलं, आता ह्यांचे डोळे भरून येणार, आता हे माझा हात हातात घेणार. म्हटलं, घेऊ द्यावा.

"लसूण जरा करपलाय," हे म्हणाले.

मी टेबलाची कड सोडली.

"आणि शेवया मिनिटभर आधी उतरवायला हव्या होत्या. पण ठीक आहे, आण आणखी थोडं."

मी ताडकन वळले आणि स्वयंपाकघरात आले. ओट्याला टेकले आणि मला रडू फुटलं, इतकं की कढई धूसर दिसायला लागली. काचेच्या दाराबाहेर बसून मी जो माणूस परत मागितला होता, तो सहा महिन्यांनी आज घरी आला होता. त्याला आता माझ्यावर दया करायची गरज वाटत नव्हती.

बाहेरून चमचा वाजला. "अगं, झोपलीस की काय?"

मी डोळे पुसले, कढई उचलली आणि त्यांच्याशी भांडायला बाहेर गेले.